दोन रकान्यांचा इतिहास

मुलांस इतिहास शिकविताना युद्धाचा धडा सोपा जातो आणि तहाचा धडा कठीण जातो, असा अनुभव बहुतेक शिक्षकांचा असेल. युद्धात दोन पक्ष असतात, जय असतो, पराजय असतो. मुलाच्या मनाला कोणाची तरी बाजू घेता येते. तहात मात्र दोघेही थोडे जिंकतात, थोडे हरतात, आणि मूल कंटाळून पान उलटते. म्हणून मुलांसाठी इतिहास लिहिणारे ग्रंथकार तडजोडीच्या प्रकरणाला एक नीतिबोध जोडून देतात. भांडणाऱ्यांनी एकेक पाऊल मागे घेतले की राष्ट्र वाचते, हा तो बोध. तो चांगलाच आहे. घरात आणि शाळेत आपण तो रोज देतो. परंतु तो प्रत्येक तडजोडीला लागू पडतो काय, हे विचारल्यावाचून मुलांच्या गळी उतरविणे आम्हांस धोक्याचे वाटते. अमेरिकेच्या इतिहासातील १८२० ची मिसूरीची तडजोड हे या धोक्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजीतील बालवाङ्मय आपल्या सुशिक्षित कुटुंबांत वाचले जाते. तेव्हा त्या वाङ्मयात ही तडजोड कशी रंगविली जाते, हे आपल्याकडील पालकांनीही पाहण्यासारखे आहे.

प्रथम हकीकत सांगतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘संस्थान’ म्हणजे राजाचा मुलूख नव्हे. स्वतःचे विधिमंडळ असलेला संघराज्याचा घटक होय. संस्थान लहान असो की मोठे, सेनेटात त्याचे सभासद दोनच. १८१९ च्या अखेरीस अशी २२ संस्थाने होती. त्यांपैकी ११ संस्थानांत गुलामगिरी उजळ माथ्याने चालू होती. उरलेल्या ११ संस्थानांनी ती बंद केली होती किंवा क्रमाक्रमाने बंद करण्याचे ठरविले होते. सेनेटातील पारडी अशी समतोल असतानाच, १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना मुलखातील मिसूरी प्रदेशाने संस्थानाचा दर्जा मागितला. तेथे त्या वेळी सुमारे १०,००० गुलाम होते. मिसूरी गुलामगिरीसह आत आले तर दक्षिणेचे पारडे जड होणार, म्हणून उत्तरेने हरकत घेतली. वाद वर्षभर पेटला. अखेर १८२० च्या मार्च महिन्यात तोड निघाली ती अशी: मिसूरीने गुलामगिरीसह यावे, मॅसॅच्युसेट्सचा उत्तरेकडील जिल्हा मेन याने गुलामगिरीवाचून स्वतंत्र संस्थान म्हणून यावे, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० कला या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरी असू नये. ही रेषा सुचविली इलिनॉय संस्थानाच्या जेसी टॉमस याने. सर्व प्रकरण प्रतिनिधिसभेतून पार पाडले तिचे अध्यक्ष हेन्री क्ले यांनी. अध्यक्ष मन्रो यांनी त्यावर सही केली.

आता हे प्रकरण मुलांच्या पुस्तकांत कसे येते ते पाहा. एखाद्या पुस्तकाचे नाव घेऊन दोष देण्याचे कारण नाही, कारण धाटणी बहुतेकांची एकच असते. एक नकाशा दिलेला असतो. उत्तर एका रंगात, दक्षिण दुसऱ्या रंगात, मध्ये एक सरळ रेघ. नकाशाखाली दोन रकाने आखलेले असतात: उत्तरेस काय मिळाले, दक्षिणेस काय मिळाले. उत्तरेच्या रकान्यात मेन आणि रेषेवरचा मुलूख, दक्षिणेच्या रकान्यात मिसूरी आणि रेषेखालचा मुलूख. शेजारी हेन्री क्ले यांचे चित्र, आणि त्याखाली त्यांना मिळालेली ‘थोर तडजोडकर्ता’ ही पदवी. शेवटी प्रश्न: दोन्ही पक्षांनी काय सोडले व काय मिळविले ते लिहा.

या धाटणीचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. सेनेटातील अकरा-अकराचे गणित मुलास चटकन समजते. कायदा हा कोणा एका राजाच्या लहरीने होत नसून मते मोजून होतो, हेही त्यास कळते. नकाशामुळे भूगोल आणि इतिहास यांची सांगड बसते. तेव्हा हे धडे आळसाने लिहिलेले आहेत असा आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप त्या रकान्यांच्या संख्येवर आहे. ज्यांच्याविषयी हा सारा वाद चालला होता, त्यांना काय मिळाले व त्यांचे काय गेले, हे सांगणारा तिसरा रकाना त्या पानावर नाही. मुलाने दोन रकाने बिनचूक भरले, पैकीच्या पैकी गुण मिळविले, आणि तरीही मिसूरीतील दहा हजार माणसे त्याच्या ध्यानात आलीच नाहीत, असे घडू शकते. तिसरा रकाना नसणे ही किरकोळ गळती म्हणता येणार नाही. तिने प्रकरणाचा अर्थच बदलतो. दोन भावांनी आपला आंबा अर्धा अर्धा वाटून घेतला तर ती तडजोड. दोघांनी मिळून शेजारच्या मुलाचा आंबा वाटून घेतला तर तिला आपण तडजोड म्हणत नाही. हा भेद सात वर्षांच्या मुलासही कळतो. तो कळू नये अशीच त्या पानाची रचना आहे.

त्या रकान्यात काय लिहावे? त्यासाठी फार शोधावे लागत नाही. वादाला तोंड फुटले ते १८१९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या जेम्स टॉलमॅज या प्रतिनिधीने मांडलेल्या दुरुस्तीने. त्याची मागणी माफक होती. मिसूरीत नवे गुलाम आणू नयेत, आणि संस्थान झाल्यानंतर तेथे गुलामांच्या पोटी जी मुले जन्मतील ती वयाच्या २५ व्या वर्षी मुक्त व्हावीत, एवढीच. आधीपासून गुलाम असलेल्या कोणालाही ती सोडवीत नव्हती. प्रतिनिधिसभेने ती मान्य केली, सेनेटाने फेटाळली. पुढच्या वर्षी मिसूरीवर गुलामगिरीला आळा घालणारी अट ठेवावी की काढावी यावर प्रतिनिधिसभेत मते पडली, तेव्हा ९० विरुद्ध ८७ मतांनी ती काढली गेली. तीन मतांचा फरक!

येथे मुलांकडून एक साधे गणित करवून घ्यावे. मिसूरी संस्थान झाले १८२१ च्या ऑगस्टमध्ये. समजा, त्या वर्षाच्या अखेरीस तेथे एका गुलाम आईला मूल झाले. टॉलमॅजची दुरुस्ती टिकली असती तर कायद्याने ते १८४६ च्या अखेरीस मुक्त झाले असते. प्रत्यक्षात मिसूरीत गुलामगिरी बंद झाली ती १८६५ च्या जानेवारीत. त्या वेळी त्याचे वय ४३ वर्षांचे. म्हणजे माणसाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची अठरा वर्षे त्या तडजोडीत खर्ची पडली. आणि ती खर्च करणाऱ्यांपैकी कोणाचीही ती नव्हती. धनी त्या मुलास पंचविशी भरण्यापूर्वी दक्षिणेस विकू शकला असता, ही शंका रास्त आहे आणि तीही मुलांपुढे ठेवावी. परंतु या गणिताने वर्गातील प्रत्येक मुलास एक गोष्ट कळेल: ज्यांच्यावर तीन मतांनी निकाल लागला ती त्याच्याच वयाची मुले होती.

गणितापेक्षाही अधिक सांगणारी पुस्तके आहेत. विल्यम वेल्स ब्राऊन हा मिसूरीत गुलाम होता. १८३४ मध्ये तो निसटला आणि १८४७ मध्ये बॉस्टन येथे त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. धन्याने त्यास काही काळ गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे भाड्याने दिले होते. मिसिसिपी नदीवरून माणसांचे तांडे न्यू ऑर्लिन्सच्या बाजाराकडे नेले जात. बाजारापूर्वी म्हाताऱ्या माणसांच्या दाढ्या करावयाच्या, डोक्यातील पांढरे केस उपटावयाचे, फारच असतील तर काळा रंग लावावयाचा, हे काम ब्राऊनकडे असे. विकणाऱ्याला वय कमी सांगता यावे म्हणून! मिसूरी ‘दक्षिणेच्या रकान्यात’ गेले याचा अर्थ काय, हे नकाशावरील रंगाने कळत नाही. या उपटलेल्या केसांनी कळते.

यावर पहिला आक्षेप येईल तो कोवळ्या मनांचा. एवढे क्रौर्य मुलांपुढे कशास, असे सज्जन पालक विचारतील. या काळजीचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु त्याच शतकात मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी ही अडचण सोडविण्याचा प्रयत्न केला होता, हे विसरू नये. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी संस्थेने १८३६ ते १८३८ या काळात ‘गुलामांचा मित्र’ अशा अर्थाच्या नावाचे एक चिमुकले मासिक केवळ मुलांसाठी काढले होते. एका अंकाची किंमत एक सेंट. १८४६ मध्ये फिलाडेल्फियातील हॅना आणि मेरी टाउनसेंड या भगिनींनी मुळाक्षरांचे एक पुस्तक काढले; त्यात प्रत्येक अक्षराला गुलामगिरीसंबंधीचा एकेक शब्द व त्यावर काही पद्यपंक्ती होत्या. वाङ्मय म्हणून पाहिल्यास या लेखनात दोष पुष्कळ आहेत. त्यातील उपदेश फार उघड आहे. मुलांच्या मनात ते दया उत्पन्न करू पाहते, आणि दयेच्या त्या चित्रात गुलाम हा बहुधा केवळ सोसणारा असतो. त्याला बुद्धी आहे, युक्ती आहे, मत आहे, हे क्वचितच दिसते. तथापि तिसरा रकाना त्यांनी आखला होता. नंतरच्या काळातील नीटनेटक्या पाठ्यपुस्तकांनी तो पुसून टाकावा, हे नवल आहे.

दयेचा हा दोष टाळून, आणि क्रौर्याचा अतिरेक न करता, मुलांपुढे काय ठेवता येईल याचे उत्तम उदाहरण फ्रेडरिक डग्लस याच्या १८४५ च्या आत्मकथनात आहे. बाल्टिमोर शहरात डग्लस लहान असताना मालकिणीने त्यास अक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मालकाने ते बंद पाडले. मग निरोपावर पाठविले असता हा मुलगा खिशात भाकरीचा तुकडा घेऊन जाई आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना तो देऊन त्यांच्याकडून वाचन शिके. यांत रक्तपात नाही, आक्रोश नाही. पण वाचणे हा ज्याच्या बाबतीत अपराध ठरतो अशा मुलाची हुशारी आणि त्याची भूक, दोन्ही त्यांत आहेत. शाळेस कंटाळणाऱ्या कोणत्याही मुलास ही गोष्ट सांगून पाहावी. दहा वर्षांच्या मुलास झेपेल आणि तरीही खरे असेल असे साहित्य नाही, ही सबब यापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो विचारी लोकांचा आहे. १८२० मध्ये तडजोड झाली नसती तर संघराज्य तेव्हाच फुटले असते. मग दक्षिणेतील गुलामगिरीला हात लावणारे कोणी उरलेच नसते. तेव्हा आजच्या दृष्टीने त्या लोकांस दोषी ठरविणे हा अन्याय होय. या म्हणण्यात तथ्य आहे. त्या रेषेने फार मोठा मुलूख, कायद्यापुरता का होईना, गुलामगिरीपासून दूर ठेवला, हेही खरे. १८५४ मध्ये ती रेषा मोडण्यात आली तेव्हा ती परत आणावी म्हणून ज्यांनी व्याख्याने दिली त्यांत एब्राहम लिंकन होते. हेन्री क्ले यांच्याविषयी त्यांना मोठा आदर होता. म्हणून तडजोड म्हणजे भ्याडपणा, असा उलटा धडा देणाऱ्या उतावळ्या लेखकांशीही आमचे जमणार नाही.

परंतु ‘आजच्या दृष्टीने’ हा शब्दप्रयोग मात्र आम्हांस मान्य नाही. दोष त्याच काळी, त्याच सभेत, दिसत होता. मेन जिल्ह्याच्या सात प्रतिनिधींचे उदाहरण घ्या. ज्या सौद्यात त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याला संस्थानपद मिळत होते, त्याच सौद्याविरुद्ध सातांपैकी पाचांनी मत दिले. आपला लाभ गुलामगिरीच्या विस्ताराला बांधलेला त्यांना नको होता. जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी तडजोडीस त्या वेळी संमती दिली, पण आपल्या रोजनिशीत हा वाद म्हणजे एका मोठ्या शोकान्त ग्रंथाचे केवळ मुखपृष्ठ आहे, अशा अर्थाची नोंद केली. वृद्ध जेफर्सन यांनी, स्वतः गुलामांचे धनी असूनही, मेनच्याच एका प्रतिनिधीस लिहिलेल्या पत्रात या वादाची तुलना रात्री अवचित वाजणाऱ्या आगीच्या घंटेशी केली. स्वतः क्लेही गुलामांचे धनी होते. ही सर्व माणसे मुलांच्या पुस्तकात आली पाहिजेत. मग मुलास दिसेल की निर्णय घेणारे आंधळे नव्हते. काहींनी पाहिले आणि विरोध केला, काहींनी पाहिले आणि नाइलाज म्हणून मान तुकविली, काहींनी पाहून फायदा करून घेतला. इतिहास समजणे म्हणजे हा भेद समजणे. सर्वांना एकाच ‘थोर’ विशेषणाखाली झाकल्याने तो समजत नाही.

आणखी एका पद्धतीविषयी लिहिणे अवश्य आहे. वर्गात सेनेट भरविण्याची चाल अमेरिकन शाळांत आहे. मुले उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशा गटांत बसतात, भाषणे करतात, आणि तास संपण्यापूर्वी तोड काढतात. संवाद, वक्तृत्व, मतदान यांचे शिक्षण म्हणून हा खेळ उत्तम आहे. पण खेळाचा नियमच असा की तोड निघाली म्हणजे सर्व जिंकले. घंटा होते, टाळ्या पडतात. ज्यांच्या डोक्यावरून हा करार झाला ते त्या खोलीत नव्हते, हे कोणी बोलत नाही. यावर काही शिक्षक एखाद्या मुलास गुलामाची भूमिका देतात. ते तर आम्हांस अधिकच अनुचित वाटते. कोणाच्याही लेकरास करमणुकीसाठी दुसऱ्याची मालमत्ता बनवू नये. त्यापेक्षा मतदान झाल्यावर शिक्षकाने ब्राऊनच्या किंवा डग्लसच्या पुस्तकातील दोन पाने मोठ्याने वाचावीत आणि मुलांस विचारावे: आता तुमचे मत तेच आहे काय?

तडजोडींची ही मालिका पुढे कशी चालली ते सांगितल्यावाचून धडा पुरा होत नाही. १८५० मध्ये दुसरी मोठी तडजोड झाली. खरे पाहता तिला तडजोड म्हणणेही सैलपणाचे आहे. क्ले यांचा एकत्रित मसुदा सेनेटात टिकला नाही. स्टीफन डग्लस यांनी त्याची कलमे सुटी करून संमत करविली, आणि बहुतेक सभासदांनी आपापल्या बाजूच्या कलमांनाच मते दिली. पाठ्यपुस्तकातील दोन रकाने येथेही येतात: उत्तरेस कॅलिफोर्निया, दक्षिणेस फरारी गुलामांचा कायदा. या कायद्याप्रमाणे पकडलेल्या माणसास स्वतःची साक्ष देता येत नसे, त्याच्यासाठी पंच बसत नसत, आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यास त्याला दक्षिणेस धाडल्यास १० डॉलर व सोडल्यास ५ डॉलर मिळत. एवढे एक कलम मुलांस वाचून दाखवावे. भाष्याची गरज पडणार नाही.

१८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्याने ती ३६ अंश ३० कलांची रेषा पुसली, आणि १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आरंभापासूनच घटनाबाह्य होती असे ठरविले. हा निकाल ज्याच्या फिर्यादीवर लागला तो ड्रेड स्कॉट मिसूरीचाच गुलाम होता. धन्याबरोबर तो रेषेच्या उत्तरेस राहून आला होता, म्हणून आपण, आपली बायको हॅरिएट आणि दोन मुली मुक्त आहोत असे त्याचे म्हणणे. खटल्याच्या कागदपत्रांप्रमाणे थोरली मुलगी एलायझा ही मिसिसिपी नदीत, मिसूरीच्या उत्तर सीमेच्या वर, आगबोटीवर जन्मली होती. धाकटी लिझी मिसूरीत. नकाशावरील रेघांना कायद्यात काही अर्थ असता तर या दोन बहिणींचे जन्मस्थान महत्त्वाचे ठरले असते. न्यायालयाने सांगितले की गुलामांच्या वंशजांना नागरिक म्हणून फिर्याद करण्याचाच अधिकार नाही. सदतीस वर्षे राष्ट्र वाचविणारी म्हणून जिची वाखाणणी झाली, त्या रेषेने त्या कुटुंबाला काही दिले नाही. १८२० मध्ये देशात सुमारे १५ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ३९ लाखांवर. आणि १८६१ ते १८६५ च्या यादवीत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. तडजोडीचा हिशेब लिहावयाचा तर ही बेरीजही त्याच पानावर आली पाहिजे.

मराठी वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. निग्रो गुलामांच्या दास्यविमोचनासाठी त्यांनी दाखविलेली निःस्वार्थ वृत्ती आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या बाबतीत कित्त्यासारखी पुढे ठेवावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. पुण्यात बसून अमेरिकेचा इतिहास वाचणाऱ्या या पुरुषाने त्यातून कोणाचा गौरव केला, हे ध्यानात घ्यावे. अक्षांशाची रेषा आखणाऱ्यांना त्यांनी पुस्तक वाहिले नाही. दास्य मोडण्यासाठी झिजणाऱ्यांना वाहिले. तिसरा रकाना कोठे असतो हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

मुलांस तडजोड शिकवू नये, असे आमचे म्हणणे नाही. लोकशाहीत राहणाऱ्या मुलास ती शिकलीच पाहिजे. परंतु प्रत्येक तडजोडीपाशी त्याने तीन प्रश्न विचारावयास शिकावे: बैठकीस कोण होते, काय दिले गेले, आणि जे दिले ते देणाऱ्याचे होते काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सध्याची पुस्तके चोख देतात. तिसऱ्याचे उत्तर देणारे, नकाशाबरोबर ब्राऊनची आणि डग्लसची पाने ठेवणारे, क्लेबरोबर एलायझा स्कॉटचेही नाव घेणारे एखादे छोटे पुस्तक मराठीत कोणी लिहिले, तर मुलांच्या आधी त्यांच्या आईबापांनी ते वाचावे अशी आम्ही आग्रहाने शिफारस करू.